दहाव्याला घेतलेलं नाव

सोलापूर, १६ जानेवारी १९७४

गुंडा,

नाव वाचून दचकू नगं. तुझंच हाय. अडीच वर्सांत पयल्यांदा मी ते कागदावर लिवते, कारण हे पत्र टपालानं येत न्हाय. सिद्धप्पा रजा संपवून परत विलायतेला निघालाय, त्याच्या हातात देणार हाय. त्येनंच तुला त्या लोकरीच्या गिरणीत चिकटवलं, त्याला आपलं सगळं ठावं. त्येनं पत्र फोडलं तरी नवं काय गावायचं न्हाय.

टपालानं लिवताना मी पुस्तकी भाषेत लिवते, तुला 'धनी' लिवते, 'तुमी' लिवते. न जाणो, कोन फोडून वाचंल. ज्याच्या नाकाचा शेंबूड मी पदरानं पुसला त्याला 'अहो' लिवायचं म्हंजी सुरवातीला मला हसू फुटायचं. तुझं दिवाळीचं पत्र आलं आन ते हसू गेलं.

तू लिवलंस, हितं इजा लई चमकत्यात, मला भ्या वाटतं, तुला ठावंच हाय की.

गुंडा, तू इजेला कधी भ्यायचास रं? आभाळ कडाडलं की तू अंगणात जाऊन हुभा ऱ्हायचास आन मी काठी घेऊन मागं. भ्यायचे ते तुझे दादा. सगळा जल्म उघड्या रानात मेंढरामागं गेला, आन गडी इजेला भ्यायचा. लगीन झाल्यावर पयल्यांदा बोलले ते एवढंच बोलले, वर शपथ घातली की कुणाला सांगू नगं. मी अव्वालासुदीक सांगितलं न्हाय. मग तुला कुणी सांगितलं?

सिद्धप्पाला इचारलं, आमचा गुंडा कसा हाय. तो म्हणला, "वहिनी, आता त्याला गुंडा म्हणून हाक मारली तर तो वळून बगत न्हाय."

म्हणून सगळं पुना पयल्यापासनं लिवते. तुला ठावं असंल तर वाच, हस, आन म्हण वहिनीला याड लागलं. ठावं नसंल तर चार येळा वाच.

तू गुंडा. आपली अव्वा, चंद्रव्वा, तिचा धाकटा लेक. थोरला ज्ञानबा. नाव लिवते, तोंडानं घेत न्हाय. मी केरा, त्येंची बायको. लगीन होऊन आले तेवा मी तेरा वर्सांची आन तू आठ. मला पोटपाणी पिकलं न्हाय, तूच माझं पोर. भाकरी फुगली की वरचा पापुद्रा तुझा. तो ताटात पडल्याबिगर तू घास तोडायचा न्हाईस. दादांच्या घशाला पापुद्रा चिकटायचा, ते तो ताटाच्या कडंला सारायचे, आन तू तोही उचलायचास. आठवतंय का बग.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात गावाकडं गवताची काडी न्हवती. आपण मेंढरं घेऊन माळशिरसकडं गेलो. तितल्या बागायतदारांच्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत त्येंचं, धान्य आपलं. त्याच महिन्यात दादांचा कामाचा परवाना आला हुता. पासपोर्ट तयार, नावासकट, फोटूसकट. आन एका पहाटं उसाच्या कडंला त्येंना साप चावला. डाव्या टाचेला. कासराभर दिवस वर यायच्या आत सगळं संपलं.

मी रडायला तोंड उघडलं तर अव्वानं माझ्या तोंडावर हात दाबला. ती रडत न्हवती. म्हणली, "मेला तो गुंडा. ज्ञानबाला विलायतेला जायाचंय."

तितं आपल्याला ओळखणारं कोन हुतं? तुमी दोघं एका साच्यातले, त्यात दुष्काळानं तुझं तोंड दहा वर्सांनी म्हातारं केलेलं. मिशी वाढवलीस आन फोटूतला माणूस झालास. तुझं घोंगडं मातीत गेलं, दादांच्या अंगावर. त्येंचं काळ्या काठाचं तू घेतलंस. माझं कुंकू तसंच ऱ्हायलं. आन दहाव्याला पिंड मांडला तेवा तुझं नाव घेतलं.

कावळे हुते. बाभळीवर वळीनं बसले हुते. तितले लोक चांगले, ते आपले हाळी देत हुते, गुंडा, तुझं लगीन ऱ्हायलं म्हणून जीव घुटमळतोय का, गुंडा, तुझ्या म्हातारीला आमी बगू. एकही कावळा हलला न्हाय. कसा हलंल? ज्याच्यासाठी पिंड मांडला त्याला कुणी हाकच मारली न्हाय. आन ज्याला हाक मारत हुते तो तू, माझ्या शेजारी जिता हुभा. ऊन डोक्यावर आलं तेवा दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आन उठलो. चूक तितं झाली, लेकरा. मला त्याच दिवशी कळलं हुतं. पोटाकडं बगून गप बसले.

आता एवढं कर. ते काळ्या काठाचं घोंगडं अंगावरनं काढ आन सिद्धप्पाजवळ दे. आन मला दोन वळी लिव, वर 'वहिनी' घालून. टपालानं टाकलंस तरी चालंल. मी तेवढ्यावर जगते.

तुझी वहिनी,
केरा


सोलापूर, २ मार्च १९७४

धनी श्री. ज्ञानबा यांस केराबाईचा नमस्कार.

आपलं पत्र पोचलं. सिद्धप्पानं दिलेल्या कागदाचा अर्थ आपणांस लागला नाही, आणि 'मेलेल्या भावाचं नाव काढून माझा जीव का दुखवतेस' असं आपण लिहिलंत. ते वाचलं. घोंगडं देणार नाही, त्याशिवाय झोप लागत नाही, हेही वाचलं.

थंडीत टाचेला ठणका लागतो, पाय टेकवत नाही, असं शेवटी लिहिलं आहे. अव्वांनी विचारलं आहे की कोणत्या पायाची टाच. तेवढं उलट टपाली कळवावं.

इकडं दोघी बऱ्या आहोत. अव्वांना आता उजेडाशिवाय काही दिसत नाही. बिड्यांचं काम चालू आहे. भाकरीचा पापुद्रा मी रोज काढून ठेवते. खाणारं कोणी नाही.

केराबाई


सोलापूर, ९ मे १९७४

गुंडा,

हे टपालानंच टाकते. फोडायचं त्येनं फोडावं.

'डावी' एवढा एक शब्द तू लिवून धाडलास. मी तो अव्वाला वाचून दाखवला न्हाय. चूल पेटवली आन कागद आत घातला.

पर आज लिवायचं कारण दुसरं हाय. तिकडच्या सरकारनं माफी काढलीय म्हणं. हितल्या कापडगिरणीच्या दाराशी चहाची टपरी हाय, तितं सकाळी एकजण पेपर मोठ्यानं वाचतो आन धा जण ऐकत्यात. मी बिडीची पानं आणायला जाताना थांबले. त्र्याहत्तरच्या नव्या कायद्याआधी जी माणसं चोरून शिरली, त्येंनी आपणहून फुडं यावं, खरं सांगावं, त्येंना ऱ्हाऊ देणार. दुसऱ्याच्या कागदावर गेलेल्यांना ही माफी लागू हाय का न्हाय, ते पेपरवाल्याला सांगता येईना.

टपरीवर दोन तट पडले. एकजण म्हणला, हा सापळा हाय, नाव सांगितलं की हातात बेड्या न्हायतर विमानाचं तिकीट. दुसरा चष्मेवाला कारकून, तो म्हणला, चोराला माफी कशापायी, त्येंचा देश हाय, त्येंनी हाकलावं, आपण न्हाय का बाहेरच्यांना नावं ठेवत. सगळे हसले. तिथल्या अर्ध्यांचे आजे तेलंगणातनं हातमागावर बसायला आलेले, तेही हसले. मी पदर सावरून पुढं झाले, मला काय हसायला येईना.

कारण पंधरा दिवसांमागं मीच त्यातली हुते. नळावर घागरीवरनं तंटा झाला. शेजारची नरसम्मा, तीही बिड्या वळती, माझ्या दुप्पट वळती. मी तिला म्हणले, तुमी लोकांनी हितं येऊन सगळं काम खाल्लं, जावा की आपल्या मुलखात. तिनं घागर खाली ठेवली. वरडली न्हाय. म्हणली, "माझी आजी हितं जल्मली. मी कुठल्या मुलखात जाऊ?" आन मग म्हणली, "तुझा नवरा कुटं हाय गं?"

मालक विलायतेला हाईत असं मी सगळ्या गल्लीला सांगते, रोज सांगते. त्या दिवशी घागर तशीच सोडून घरी आले. सांच्याला नरसम्मानं ती भरून दारात आणून ठेवली.

तू पयल्या वर्सी लिवलं हुतंस, शेजारच्या मागावरची गोरी बाई तुझा डबा उघडला की नाक धरून उठती, आन गिरणीच्या भितीवर कुणीतरी 'परत जावा' असं रंगानं लिवलंय. तेवा मी त्या बाईला लई शिव्या दिल्या. आता देत न्हाय. नळावर मी तीच बाई हुते.

आता एक खरं लिवते, मग तू मला काय म्हणायचं ते म्हण. तुझी पत्रं आली की मी दार लावून वाचते. पयल्यांदा त्यात माझं पोर बोलायचं, गिरणीत भोंगा मोठा हाय, बर्फ मिठावानी दिसतं, तू असतीस तर. आता त्यात ते बोलत्यात. तसंच तोडून, तसंच कमी. 'जेवलीस का' एवढं इचारून संपवत्यात. कुंकू लावताना दोन वर्सं मी आरशात बगत न्हवते. दिवाळीपासनं बगते. त्याचंच मला भ्या वाटतं. मला माझा नवरा मिळतोय आन त्यापायी माझं पोर जातंय. मी बाई हाय, मला नवरा पायजे. पर असा नगं.

म्हणून सांगते ते ऐक. जा. सायबापुढं हुभा ऱ्हा आन म्हण, माझं नाव गुंडा, मी भावाच्या कागदावर आलो. ठेवून घेतलं तर देवाची कृपा. परत धाडलं तर ये, मी बिड्या वळते, दोन माणसं जगतात तिथं तिसरं जगंल. गावात काय सांगायचं ते मी बगीन. मेलेला माणूस परत आला म्हणून चार दिस बोलतील, मग मेंढराच्या भावाकडं वळतील.

आन तू तिकडं तुझं नाव घेतलंस की मी हितं दादांचं घेते. अव्वाला घेऊन माळशिरसला जाईन, त्याच बाभळीखाली पिंड मांडीन. ज्याचं त्याला देऊन टाकू.

वहिनी


सोलापूर, २० ऑक्टोबर १९७४

वर नाव घातलं न्हाय. कुणाचं घालावं ते मला ठावं न्हाय.

सप्टेंबरात विलायती सरकारचा सायब घरी आला हुता. मी मनात म्हणले, माझ्या पोरानं ऐकलं, माफी मागितली, त्याचीच चौकशी आली. नरसम्माकडनं खुर्ची आणली. सायबाबरोबर मुंबईचा एक दुभाषी, पांढऱ्या कपड्यातला. तो म्हणला, तुमच्या मालकांनी बायकोला तिकडं न्यायचा अर्ज केलाय. हल्ली नियम कडक झालेत, खोट्या बायका, खोटी पोरं लई जात्यात, म्हणून तपासायला आलोय.

माफी न्हाय. माझा अर्ज.

सायब इचारत गेला, दुभाषी सांगत गेला. गावच्या घराला दारं किती. सासऱ्याचं नाव काय. लग्नात कुठल्या रंगाचं लुगडं. मी एक सांगायची आन तो हातातल्या कागदावर बगून मान हलवायचा, तितं तुमी आधीच सगळं सांगितलेलं. लुगड्याचा रंगसुदीक. लग्नात गुंडा माझ्या मांडीवर झोपला हुता, त्याला लुगडं काय आठवणार?

मग दीर कसा मेला ते इचारलं. अव्वा भितीला टेकून बसली हुती. मी ठरवूनच बसले हुते. मी हात जोडले आन म्हणले, सायब, दीर मेला न्हाय. माझा नवरा मेला. तिकडं हाय तो माझा दीर, मी वाढवलेलं पोर, त्याला धरू नगा, त्याला त्याचं नाव द्या आन ठेवायचं तर ठेवा, न्हायतर माझ्याकडं धाडा.

दुभाष्यानं ते सांगितलं. सायबाला राग आला न्हाय. त्येनं निवांत इचारलं, नवरा कसा मेला.

मी म्हणले, साप चावून. डाव्या टाचेला. दोन दात उठले हुते, मी डोळ्यांनी बगितले, मीच तितं चिंधी बांधली.

सायबानं कागद चाळले. त्यात तिकडच्या डॉक्टरचा एक कागद हुता, अंग तपासून लिवलेला. तो दुभाष्याला दाखवला. दुभाष्यानं दोनदा वाचला आन मला म्हणला, "बाई, घरातलं भांडण घरात मिटवा. डाव्या टाचेवर दोन दातांची जुनी खूण आहे, इथं लिहिलंय. माणूस तोच आहे."

मी खरं सांगितलं आन त्या खऱ्यानंच कागदावर शिक्का बसला. सायब उठला, अव्वाला नमस्कार केला, गेला. मी खुर्ची नरसम्माला परत नेऊन दिली.

गुंडाच्या अंगावर एक ओरखडा असता तरी मला ठावं असता. मी त्याला न्हाऊ घातलाय.

सर्वपित्रीला आमी माळशिरसला गेलो. बाभूळ हाय अजून. ऊस तेवढाच उंच. पिंड मांडला, पानी सोडलं. बायकांनी नवऱ्याचं नाव घिऊ न्हाय, मी उखाण्याबिगर जल्मात घेतलं न्हवतं. त्या दिवशी तोंड भरून घेतलं. ज्ञानबा, म्हणले. ज्ञानबा, चूक झाली, तुमाला तुमच्या नावानं वाट लावली न्हाय, आता जावा, मी कुंकू पुसते. पदर पसरला. कावळे आले, बाभळीवर बसले आन आमच्याकडं पाठी करून बसले. मी घसा बसंस्तवर हाका मारल्या. ऊन डोक्यावर आलं.

अव्वा बसल्या जागंवरनं चाचपत पुढं आली. ती कानडीत बोलती तेवा पोटातनं बोलती. तिनं हात पसरला आन म्हणली, "बा मगा. ये लेकरा. गुंडा."

मी तिच्या तोंडावर हात दाबायला धावले, जसा तिनं माझ्या दाबला हुता. मी पोचायच्या आत कावळा खाली आला. पिंडाशेजारी मी सवयीनं भाकरीचा पापुद्रा ठेवला हुता. त्येनं भाताला चोच लावली न्हाय. पापुद्रा उचलला आन उसावरनं निघून गेला.

अव्वा म्हणली, शिवला का गं? मी म्हणले, शिवला. ती तितंच मातीत आडवी झाली आन लई रडली, तीन वर्सांमागं रडायची ते सगळं रडली. मी न्हाय रडले. मी त्या वाटंकडं बगत ऱ्हायले, कुटं बसतोय का, खातोय का. तो कायम उपाशी असायचा.

आमच्यावर कुणी जबरदस्ती केली न्हवती. दहाव्याला आमीच चार लोकांत ते नाव घेतलं हुतं.

परवा परवान्याचा लिफाफा आला. टपरीवर कळलंय, आता मी पानं आणायला गेले की म्हणत्यात केराबाईचं नशीब उघडलं. चष्मेवाला कारकून म्हणला, आता दारं बंद व्हायच्या आत जावा, उद्या नियम बदलतील. अव्वा येत न्हाय. नरसम्मा म्हणली, म्हातारीला माझ्याकडं ऱ्हाऊ दे, माझं घर काय तुझ्या घरापासनं लांब हाय का. अव्वा तिच्याकडं आत्तापासनंच जाऊन बसती. दोघींची भाषा वेगळी, पर पानं भिजवत बसत्यात.

मी येते. आल्यावर काय इचारणार न्हाय. टाच बगणार न्हाय. सिद्धप्पाला सांगून तेवढं जोंधळ्याचं पीठ मिळतंय का ते बगा, न्हायतर मी घेऊन येते. पयल्या दिवशी भाकरी करीन, आन पापुद्रा काढून ताटात ठेवीन. तुमी तो कडंला सारलात तर मी तुमाला जेवू घालीन, तुमची म्हणून ऱ्हाईन, आन माझ्या पोरासाठी चुलीपाशी तोंड करून रडत जाईन, तेवढं मला रडू द्यायचं.

आन उचललास, तर गुंडा, तो घास गिळायच्या आत आपण घरला निघायचं. कायद्याला काय म्हणायचं ते म्हणू दे.

तिकडं भाकरीचा तवा मिळत न्हाय, असं सिद्धप्पा म्हणत हुता. मी माझा घेऊन येते.

केरा